ध्रुवीय समुद्रबर्फाचे ऋतुचक्र मायक्रोवेव्ह नोंदींतून कसे वाचावे?

आपला प्रश्न मी समजलो तो असा: आर्क्टिक आणि अंटार्क्टिक समुद्रांवरील बर्फात ऋतुमानानुसार होणारे बदल आपण उपग्रहीय मायक्रोवेव्ह नोंदींवरून अभ्यासत आहात. जून-जुलैमध्ये आर्क्टिकच्या मध्यभागी बर्फाचे प्रमाण (समुद्राचा किती भाग बर्फाने झाकलेला आहे ते) ७० टक्क्यांच्या आसपास उतरलेले दिसते, पण त्याच आठवड्यातील निरभ्र दिवसाच्या दृश्यप्रकाशातील चित्रांत तिथला बर्फ जवळजवळ सलग आहे. तेव्हा कोणते खरे मानावे, विस्तार वापरावा की क्षेत्रफळ, आणि वितळण सुरू झाल्याची तारीख कशी ठरवावी?

दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. उपग्रहावरचे विकिरण मोजणारे उपकरण, म्हणजे रेडिओमीटर, बर्फ मोजत नाही. पृष्ठभागाच्या वरच्या थरातून बाहेर पडणारे मायक्रोवेव्ह विकिरण तो मोजतो, आणि त्यावरून बर्फाचे प्रमाण आपण काढतो. ते काढण्यासाठी जी गृहीतके धरलेली असतात ती थंडीत उत्तम लागू पडतात आणि वितळणाच्या दिवसांत डळमळीत होतात. म्हणून एकाच आकड्याचा अर्थ मार्चमध्ये एक आणि जुलैमध्ये दुसरा असू शकतो. हे कसे घडते ते समजले की आपल्या तिन्ही उपप्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

दृश्यप्रकाशाला ध्रुवीय रात्र आणि ढग हे दोन अडसर आहेत. मायक्रोवेव्हला सूर्याची गरज नाही आणि १९ ते ३७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ढगांचा अडथळाही तुलनेने थोडा असतो, त्यामुळे दररोजचे आणि जवळपास पूर्ण चित्र देणारे हे एकमेव साधन आहे. त्याहून मोठी सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. समुद्राच्या पाण्याची उत्सर्जनक्षमता, म्हणजे विकिरण बाहेर टाकण्याची क्षमता, या पट्ट्यात कमी आहे, विशेषतः आडव्या ध्रुवणात (लहरीच्या कंपनाची दिशा आडवी असताना), तर समुद्रबर्फाची बरीच जास्त आहे. परिणामी बर्फापेक्षा उबदार असलेले पाणी उपग्रहाला बर्फाहून कितीतरी थंड दिसते. या दिसणाऱ्या तापमानाला आपण दीप्ति-तापमान म्हणतो.

आकड्यांनी पाहू. नासा टीम या प्रचलित अल्गोरिदममध्ये उत्तर गोलार्धासाठी, एसएसएम/आय या सेन्सरकरिता ठरवलेले संदर्भबिंदू (निव्वळ पाणी वा निव्वळ बर्फ असताना येणारी मूल्ये) पूर्णांकात घेतले, तर १९ गिगाहर्ट्झला खुल्या पाण्याचे दीप्ति-तापमान उभ्या ध्रुवणात १७७ आणि आडव्या ध्रुवणात १०१ केल्विन आहे, तर एकवर्षीय बर्फाचे अनुक्रमे २५८ आणि २४३ केल्विन. दोन ध्रुवणांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की ध्रुवण-गुणोत्तर मिळते: पाण्यासाठी ०.२७, बर्फासाठी ०.०३. भागाकारामुळे पृष्ठभागाच्या प्रत्यक्ष तापमानातील चढउतार बऱ्याच अंशी निघून जातो, आणि याच कारणाने हे गुणोत्तर इतके उपयोगी ठरते. आता एखाद्या पिक्सेलमध्ये अर्धे पाणी आणि अर्धा बर्फ असेल, तर दीप्ति-तापमाने २१७.५ आणि १७२ येतील आणि गुणोत्तर ०.१२ च्या आसपास येईल. ०.२७ आणि ०.०३ यांचा मध्य ०.१५ आहे, पण उत्तर तिथे येत नाही, कारण गुणोत्तर सरळ रेषेत बदलत नाही. विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा तरी हाताने करावे असा माझा आग्रह असतो. तयार फाइलमधील टक्केवारी कुठून येते हे त्याशिवाय कळत नाही.

दुसरे गुणोत्तर ३७ आणि १९ गिगाहर्ट्झच्या उभ्या ध्रुवणांतील फरकावर आधारलेले आहे, आणि त्यातून बर्फाचे वय कळते. नव्या बर्फात खारट पाण्याच्या बारीक कुप्या अडकलेल्या असतात. त्यामुळे विकिरण वरच्या थरातूनच येते आणि दोन्ही वारंवारितांवर जवळजवळ सारखे असते. एक उन्हाळा काढलेल्या बर्फातील मीठ खाली झिरपून गेलेले असते आणि वरच्या भागात हवेचे बुडबुडे उरतात. हे बुडबुडे लहान तरंगलांबीचे विकिरण अधिक विखुरतात. म्हणून बहुवर्षीय बर्फाचे दीप्ति-तापमान १९ गिगाहर्ट्झला २२३ असते, तर ३७ गिगाहर्ट्झला १८६ केल्विनपर्यंत उतरते. पाण्याच्या बाबतीत हा कल नेमका उलटा, म्हणजे ३७ गिगाहर्ट्झला जास्त असतो. मोकळ्या समुद्रावर वादळी वारा, ढगातील पाणी किंवा बाष्प यांमुळे खोटा बर्फ दिसू लागतो, तो गाळण्यासाठीही हेच गुणोत्तर वापरतात: ते ०.०५ च्या वर गेले की पिक्सेल पाण्याचा मानला जातो.

आता आपल्या जूनमधील पिक्सेलकडे येतो. आर्क्टिकमध्ये वितळणाची पहिली खूण बर्फात नव्हे, त्यावर पडून साचलेल्या हिमाच्या थरात उमटते. कोरडे हिम ३७ गिगाहर्ट्झच्या विकिरणाला बरेचसे पारदर्शक असते. त्यात एक-दोन टक्के द्रवरूप पाणी आले तरी ते विकिरण शोषू लागते, आणि जो पदार्थ चांगला शोषतो तो चांगला उत्सर्जितही करतो. काही दिवसांतच, कधी एका रात्रीत, बहुवर्षीय बर्फावरील दीप्ति-तापमान कित्येक दशक केल्विनांनी वर चढते, आणि बहुवर्षीय व एकवर्षीय बर्फातील फरक पुसला जातो. अल्गोरिदमच्या नकाशात बहुवर्षीय बर्फ जणू नाहीसा होतो, पण तो होता तिथेच असतो. ओल्या हिमाने त्याचा संकेत झाकलेला असतो. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंतचे बर्फवयाचे नकाशे निष्क्रिय मायक्रोवेव्हवरून (स्वतः लहरी न सोडणाऱ्या रेडिओमीटरच्या नोंदींवरून) काढू नयेत, हे त्यामुळेच ठामपणे सांगावे लागते. या टप्प्यात बर्फाचे प्रमाण कमी येण्याऐवजी जास्तही येऊ शकते. काही अल्गोरिदम १०० च्या वरचे उत्तर देतात आणि ते १०० वर छाटले जाते, त्यामुळे पटांमधील (तरंगत्या बर्फाच्या सपाट तुकड्यांमधील) खऱ्या भेगाही दिसेनाशा होतात.

त्यानंतर हिम वितळून पाण्याची डबकी साचतात. सपाट एकवर्षीय बर्फावर ती निम्म्याहून अधिक पृष्ठभाग व्यापू शकतात. खडबडीत बहुवर्षीय बर्फावर कमी, पण खोल. या वारंवारितांवरील विकिरण पाण्यात काही मिलिमीटरच्या पलीकडून येत नाही. डबक्याखाली दोन मीटर जाड बर्फ असला तरी रेडिओमीटरला दिसते ते पाणीच, आणि ते पाणी समुद्राचे की डबक्याचे हे ओळखायला त्याच्याकडे साधन नाही. म्हणजे सलग पट असलेल्या पिक्सेलमध्ये ३० टक्के भाग डबक्यांनी भरला, तर उत्तर ७० टक्क्यांच्या आसपास येणे स्वाभाविक आहे. आपल्या चित्रात बर्फ सलग दिसतो तोही याच कारणाने. डबकी त्या चित्रात निळसर दिसतात आणि ती पटाचाच भाग आहेत हे आपला डोळा ओळखतो. रेडिओमीटरचा आकडा ‘पाण्याखाली न गेलेला बर्फाचा पृष्ठभाग’ असा वाचला, तर तो बरोबर आहे. जहाजाला वाट किती मोकळी आहे हे त्यावरून ठरवायचे असेल, तर तो चुकीचा आहे. सूर्याची किती उष्णता शोषली जाते हे पाहायचे असेल, तर मात्र तोच आकडा अधिक जवळचा आहे.

यातून निघणारी एक फसगत अनेक प्रबंधांत आढळते, म्हणून ती स्वतंत्रपणे सांगतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात डबक्यांवर पातळ बर्फाचे झाकण धरते आणि वर नवे हिम पडते. अल्गोरिदमचे उत्तर मध्य आर्क्टिकमध्ये झपाट्याने वाढते. प्रत्यक्षात समुद्राचे एक चौरस किलोमीटर पाणीही नव्याने गोठलेले नसते. क्षेत्रफळाचा आलेख मात्र वाढ दाखवतो, आणि विस्ताराचा आलेख त्याच वेळी अजून उतरत असतो. हे दोन आलेख ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेगळ्या दिशांना जाताना दिसले, तर आधी डबक्यांचा विचार करावा.

विस्तार की क्षेत्रफळ, याचे उत्तर इथेच मिळते. ज्या पिक्सेलमध्ये बर्फाचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे त्याचे संपूर्ण क्षेत्र विस्तारात धरले जाते. क्षेत्रफळात ते प्रमाणाने गुणून धरतात. २५ किलोमीटरच्या जाळीतील एका ६२५ चौरस किलोमीटरच्या चौकटीत २० टक्के बर्फ असेल, तर ती विस्तारात ६२५ आणि क्षेत्रफळात १२५ चौरस किलोमीटर भरते. विस्तार ढोबळ आहे, पण डबक्यांच्या चुकीला तो फारसा बळी पडत नाही, कारण ७० काय नि १०० काय, दोन्ही १५ च्या वरच आहेत. अनेक दशकांचा कल काढायचा असेल, तर माझा कौल निःसंशय विस्ताराला आहे. ऋतूंतर्गत उष्णतेचा हिशेब करायचा असेल तर क्षेत्रफळ घ्यावे, पण जून ते ऑगस्टच्या आकड्यांसोबत त्यांची अनिश्चितता दिलीच पाहिजे. ओएसआय-सॅफ या युरोपीय केंद्राच्या नोंदसंचात प्रत्येक पिक्सेलची अनिश्चितता दिलेली असते आणि संदर्भबिंदूही काळानुसार बदलत ठेवलेले असतात; आपल्या कामासाठी तो संच मला अधिक सोयीचा वाटतो.

क्षेत्रफळाच्या दीर्घ मालिकेत आणखी एक अडचण आहे. उपग्रहांच्या कक्षा थेट ध्रुवावरून जात नाहीत, त्यामुळे उत्तर ध्रुवाभोवती एक न दिसणारे वर्तुळ उरते. १९७८ ते १९८७ या काळातील एसएमएमआर या सेन्सरसाठी ते सुमारे ११.९ लाख चौरस किलोमीटरचे होते, एसएसएम/आयसाठी ३.१ लाखांचे, आणि त्यानंतरच्या एसएसएमआयएस या सेन्सरसाठी ते जेमतेम २९ हजारांवर आले. विस्तार काढताना हे वर्तुळ बर्फाने भरलेले धरतात, पण क्षेत्रफळात ते अनेकदा वगळलेले असते. अशा मालिकेत १९८७ मध्ये बर्फ एकदम वाढल्यासारखा दिसतो, आणि ती वाढ केवळ वर्तुळ लहान झाल्याची आहे. मालिका वापरण्यापूर्वी सर्व वर्षांवर सर्वांत मोठे वर्तुळ सारखेच लावून पाहावे.

सेन्सर बदलताना काय होते याचीही नोंद घ्यावी. एसएमएमआर दिवसाआड नोंद घेत असे. तो आणि डीएमएसपी एफ-८ या उपग्रहावरील एसएसएम/आय यांची सामाईक नोंद १९८७ च्या जुलै-ऑगस्टमधील काही आठवड्यांचीच आहे, म्हणजे दोन्हींची सांगड केवळ एका ऋतूतील नोंदींवर बसवलेली आहे. डिसेंबर १९८७ च्या सुरुवातीपासून जानेवारी १९८८ च्या मध्यापर्यंत तर नोंदच नाही. त्या खंडात सरळ रेषेने आकडे भरून अंटार्क्टिकचा उन्हाळी उतार काढू नये, कारण तिथला उतार नेमका त्याच आठवड्यांत सर्वांत वेगवान असतो. एएमएसआर-ई आणि २०१२ पासूनचा एएमएसआर-२ या रेडिओमीटरांचे पदचिन्ह (एका नोंदीत येणारा पृष्ठभाग) बरेच लहान असल्याने बर्फाची किनार त्यांत अधिक रेखीव दिसते. ८९ गिगाहर्ट्झवर काही किलोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, पण तिथे ढग आणि बाष्प यांचा त्रास वाढतो. जुन्या मालिकेला हे नवे आकडे जोडताना आधी दोन्ही सामाईक काळात शेजारी ठेवून फरक पाहावा, मगच जोड द्यावी.

दक्षिणेकडे वळताना आर्क्टिकच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. आर्क्टिक हा जमिनीने वेढलेला समुद्र आहे. तिथे विस्तार मार्चच्या मध्याला कमाल आणि सप्टेंबरच्या मध्याला किमान असतो, आणि १९८१ ते २०१० च्या सरासरीत हे आकडे सुमारे १ कोटी ५६ लाख व ६२ लाख चौरस किलोमीटर आहेत. अंटार्क्टिकमध्ये मध्यभागी खंड आणि भोवती मोकळा महासागर आहे; तिथला बर्फ फेब्रुवारीतील सुमारे २८ लाखांवरून सप्टेंबरमध्ये १ कोटी ८५ लाखांपर्यंत पसरतो. वाढीला सात महिने लागतात आणि ओसरायला पाच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाऱ्याने पट पांगतात, त्यांच्यामधील गडद पाणी सूर्याची उष्णता घेते, खालूनही महासागराची उष्णता मिळते, आणि उतार कोसळतो. तिथला बहुतांश बर्फ एकाच वर्षाचा असतो.

संकेतांच्या दृष्टीने मोठा फरक असा की अंटार्क्टिकच्या बर्फावर डबकी क्वचितच साचतात. तिथे हिमाचा थर जाड असतो. त्याच्या वजनाने पट खाली दबला की समुद्राचे पाणी हिमाच्या तळाशी शिरते. उन्हाळ्यात हिम दिवसा ओलसर होते आणि रात्री पुन्हा गोठते. हे चक्र दीप्ति-तापमानात रोजच्या चढउताराच्या रूपाने दिसते, आणि पहाटेच्या व संध्याकाळच्या फेऱ्यांची सरासरी घेतली की ते हरवते. दक्षिणेत वितळण शोधायची असेल तर चढती आणि उतरती फेरी वेगवेगळी ठेवावी. दोहोंतील फरक हाच तिथला सर्वांत बोलका निर्देशांक आहे.

स्कॅटरोमीटरचा उपयोग इथे फार होतो. हे उपकरण स्वतः मायक्रोवेव्ह लहरी सोडते आणि परत आलेला संकेत मोजते. थंडीत आर्क्टिकचा बहुवर्षीय बर्फ त्यात उजळ आणि एकवर्षीय गडद दिसतो. हिम ओले झाले की पाणी लहरी शोषते आणि उजळपणा काही डेसिबलांनी पडतो. अंटार्क्टिकच्या टिकून राहिलेल्या बर्फावर मात्र उन्हाळ्यात संकेत उलट वाढतो, कारण वितळण्या-गोठण्याच्या चक्रातून हिमाचे कण मोठे होतात आणि आत बर्फाचे थर तयार होतात. उत्तरेसाठी बसवलेला ‘संकेत पडला म्हणजे वितळण’ हा नियम दक्षिणेत जसाच्या तसा लावला, तर तारखा निरर्थक येतात.

जमिनीवरील हिमचादरीच्या बाबतीत या साधनाची ताकद जुलै २०१२ मध्ये दिसली. इस्रोच्या ओशनसॅट-२ वरील ऑस्कॅट या स्कॅटरोमीटरच्या नोंदींत १२ जुलैच्या सुमारास ग्रीनलँडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग ओला झाल्याचे दिसले. निष्कर्ष इतका असाधारण होता की आधी उपकरणाच्याच बिघाडाची शंका घेतली गेली. मोडिस या अवरक्त सेन्सरचे पृष्ठतापमान आणि एसएसएमआयएसची दीप्ति-तापमाने यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले, आणि ८ जुलैला सुमारे ४० टक्के असलेले वितळणक्षेत्र चार दिवसांत ९७ टक्क्यांवर गेल्याचे मान्य झाले. तीन वेगळ्या भौतिक तत्त्वांवरची उपकरणे एकच सांगत आहेत का, हे पाहण्याची ही पद्धत आपणही अंगीकारावी.

अनपेक्षित आकडा दिसताच तो गाळून टाकू नये, हेही याच क्षेत्राने शिकवले आहे. डिसेंबर १९७२ मध्ये सोडलेल्या निंबस-५ या उपग्रहावरील ईएसएमआर या रेडिओमीटरकडे एकच वारंवारिता होती. तरीही १९७४ ते १९७६ च्या सलग तीन हिवाळ्यांत अंटार्क्टिकजवळच्या वेडेल समुद्रातील बर्फाच्या मधोमध सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरचे मोकळे पाणी त्याने टिपले. ऐन हिवाळ्यात एवढे पाणी गोठत नाही, याचा अर्थ खोलवरचे उबदार पाणी वर येऊन उष्णता देत होते. तशी मोकळीक पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच परिसरात दिसली, पण आकाराने बरीच लहान.

आता तारखेचा प्रश्न. वितळणाची सुरुवात बर्फाच्या प्रमाणावरून काढू नये, दीप्ति-तापमानावरूनच काढावी. प्रत्येक पिक्सेलसाठी फेब्रुवारी-मार्चची कोरडी पातळी आणि तिचा स्वाभाविक चढउतार आधी ठरवावा, आणि ३७ गिगाहर्ट्झचे उभे ध्रुवण व ३७-१९ चा फरक या पातळीपासून किती ढळतो ते पाहावे. तारखा दोन नोंदवाव्यात: पहिल्यांदा ओलसरपणा दिसला ती, आणि ज्यानंतर तो सलग टिकला ती. उबदार वाऱ्याच्या एका झोताने एप्रिलमध्येही हिम दोन दिवस ओले होऊन पुन्हा गोठू शकते, त्यामुळे या दोन तारखांत कित्येक आठवड्यांचे अंतर पडते. गोठण्याच्या बाजूनेही अशाच दोन तारखा घ्याव्यात. शरद ऋतूत आणखी एक काळजी: कोवळा बर्फ साधारण २५-३० सेंटिमीटर जाड होईपर्यंत त्याचा संकेत पाणी आणि बर्फ यांच्या मधला असतो, आणि १०० टक्के झाकलेला समुद्रही ६०-७० टक्के भासतो. १.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या एसएमओएस या उपग्रहाच्या नोंदी अशा पातळ बर्फाची जाडी सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी त्या जरूर जोडाव्यात. किनाऱ्यालगतचे एक-दोन पिक्सेल मात्र सरळ वगळावेत, कारण पदचिन्हात जमीन मिसळली की उन्हाळ्यातही बर्फ दिसतो.

पडताळणीसाठी सेंटिनेल-१ ची रडार-चित्रे निवडताना आपण घेतलेल्या एका निरभ्र आठवड्यावर थांबू नये. एकच ठिकाण धरून मेचा शेवट, जूनचा मध्य, जुलै आणि सप्टेंबरची सुरुवात अशी चार चित्रे घ्यावीत, त्यांतील पटांच्या कडा हाताने आखून खरे मोकळे पाणी मोजावे, आणि त्यासमोर रेडिओमीटरचे उत्तर ठेवावे. ओल्या पृष्ठभागावर रडारचाही संकेत मंदावतो आणि वाऱ्याने खवळलेले पाणी बर्फासारखे उजळ दिसते, म्हणून जुलैच्या चित्रांत शक्यतो दोन्ही ध्रुवणे पाहावीत आणि त्या दिवसाचा वारा तपासावा. या चार तुलनांतून आपल्या ३० टक्के तुटीपैकी किती डबक्यांची आणि किती मोकळ्या पाण्याची, याचा त्या ठिकाणापुरता विश्वासार्ह अंदाज मिळेल. तो मिळेपर्यंत जून ते ऑगस्टचे क्षेत्रफळ आलेखात तुटक रेषेने दाखवावे.